तीन पानांचा शिक्का

समुद्रकाठ (गावाचं नाव लिहायला मनाई आहे)
३ ऑक्टोबर १९४३

बाबा,

लग्नाला चार वर्षं झाली आणि मी आपणहून तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. एरवी लिस्बेथच्या पत्राच्या शेपटीला 'ओन्नोचा नमस्कार' एवढं असायचं. तुम्हालाही तेवढं पुरत होतं, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला लेथवर हात काळे करणारा जावई हवा होता आणि पदरात पडला पिठात हात घालणारा बेकरीवाला. लग्नाच्या जेवणात तुम्ही माझ्या काकांना म्हणालात, "पोरगा वाईट नाही, पण कणकेसारखा आहे. दाबाल तिकडे दबतो." मी मागेच उभा होतो, हातात केकची परात घेऊन.

आज लिहितोय त्याला कारण आहे. आमची तोफ मुळात जहाजावर बसवायची. आता किनाऱ्यावर काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसून इंग्रज-अमेरिकनांच्या विमानांवर भुंकते. उन्हाळ्यात इतके गोळे सोडले की तिची नळी आतून झिजली. परवा रेल्वेने दोन नव्या नळ्या आल्या, एक आम्हाला आणि एक शेजारच्या तोफेला. मी मागची कड पुसून पाहिली तर काय, एकीवर ठोकलेली ती झाडाची तीन पानं. तुमचा तपासणीचा शिक्का. लिस्बेथने एकदा कागदावर काढून दाखवला होता, म्हणून ओळखला.

कुठली नळी कुणाला, हे आमच्याकडे काड्या ओढून ठरतं. मी हरलो. मग शेजारच्या तोफेच्या प्रमुखाला माझी महिन्याची तंबाखू दिली आणि अदलाबदल करून घेतली. तो म्हणाला, "हार्म्स, तुला वेड लागलंय." लागू दे. नळी बसवली की तिच्या तोंडावर पेलाभर दारू ओतायची आणि तिला नाव द्यायचं, ही इथली रीत. बाकीच्या तोफांना पोरींची नावं आहेत. आमच्या तोफेचं नाव माझ्या माणसांनी ठेवलं 'म्हातारबा'. तुमच्यावरून. राग मानू नका.

नळीचा क्रमांक ३१७. खरं सांगा, ही तुम्हीच तपासलेली ना?

तुमचा
ओन्नो


ब्रुखरोडे
१५ ऑक्टोबर १९४३

ओन्नो,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. महिन्याची तंबाखू देतोस म्हणजे तू खरंच मूर्ख आहेस, आणि मूर्ख जावई असणं इतकं वाईट नसतं, हे मला साठाव्या वर्षी कळतंय. कणकेचं बोललो ते विसर. माझी जीभ कानशीसारखी आहे, तिला सवय खरवडायची.

३१७ मला आठवते. माझ्या हाताखालून गेली आहे. निर्धास्त राहा.

आता कामाचं ऐक. सकाळी दारूगोळ्याच्या खोलीतलं तापमान रोज बघा, थंडीत बार कमी पडतो. नळी तापली तर तिला श्वास घेऊ द्या. साफ करणाऱ्याने घाई केली तर त्याच्या कानाखाली वाजव, माझं नाव सांगून.

इथे सगळं ठीक. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या तीन घरांची छपरं उडाली, माझं राहिलं. सलगम खाऊन खाऊन मी स्वतःच सलगम झालो आहे. तुझ्या हातचा पाव आठवतो, हे मी पूर्वी कधी बोललो नव्हतो.

तुझा सासरा
एवरहार्ड निगेमान


२८ ऑक्टोबर १९४३

बाबा,

ओन्नोने तुमचं पत्र मला उतरवून पाठवलं, शब्दन् शब्द. इतका खूश मी त्याला लग्नाच्या दिवशीही पाहिला नव्हता. सासूबाई म्हणतात, "मुलाला आईने नऊ महिने पोटात ठेवायचं आणि फुलायचं कुणामुळे, तर सासऱ्याच्या दोन ओळींमुळे." मग रुसून पिठात आणखी एक उकडलेला बटाटा कुस्करतात. हल्ली पावात पीठ कमी आणि बटाटा जास्त असतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात आणि घेऊन जातात.

माझी तब्येत बरी आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर होईल असं सुईण म्हणाली. रात्रभर लाथा मारतं. बहुतेक तुमच्यावर गेलंय.

आता जे लिहायचं होतं ते. तुमच्या शेजारच्या कूलमानबाईंचं पत्र आलं. त्या म्हणतात, तुम्ही ऑगस्टपासून तपासणीत नाही, हत्यारांच्या खोलीत बसून पोरांना कानशी आणि ड्रिल वाटता. खरं आहे का? काय झालं? सव्वीस वर्षं तुम्ही त्या बाकाशी उभे होतात. मला का नाही कळवलंत?

ओन्नोला मी काही बोललेले नाही. त्याच्या आनंदावर कशाला पाणी ओता?

तुमची
लिस्बेथ


ब्रुखरोडे
६ नोव्हेंबर १९४३

लिस्बेथ,

कूलमानबाईंची जीभ बाँबने सुद्धा थांबत नाही. पण खरं आहे.

जुलैत चाळीस नळ्या आल्या. पोलाद पूर्वीसारखं राहिलेलं नाही, त्यात जे मिसळायला हवं ते आता मिळत नाही. मी दिवा आणि आरसा घालून बघितलं, मेण दाबून ठसे घेतले आणि चाळीसपैकी अकरा परत केल्या. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "निगेमान, तुमचे डोळे थकले आहेत, विश्रांती घ्या." माझे डोळे थकलेले नाहीत. थकले असते तर त्या अकरा दिसल्याच नसत्या.

शिक्का मागितला तेव्हा मी तो खिशात घट्ट धरून उभा होतो. साहेब म्हणाले, "नौदलाची माणसं ही तीन पानं पाहिली की पुढे प्रश्न विचारत नाहीत. तेव्हा हा इथेच राहू दे." आता त्या बाकाशी एक पंचवीस वर्षांचा मुलगा असतो. कागद समोर आला की शिक्का मारतो.

मला लाज वाटली म्हणून कळवलं नाही. दुसरं काही कारण नाही. ओन्नोला सांगू नकोस. त्याने आयुष्यात पहिल्यांदा मला बाप मानलंय, निदान युद्ध संपेपर्यंत तरी मानू दे. घरी आला की मीच सांगेन, तुझ्या बटाट्याच्या पावासोबत.

तुझे
बाबा


समुद्रकाठ
२९ नोव्हेंबर १९४३

बाबा,

उशीर झाला, पण हात रिकामे नव्हते. दिवसाआड ते येतात, ढगांच्या वरून. म्हातारबाच्या नळीवर आम्ही दोन पांढरी कडी रंगवली आहेत, म्हणजे दोन विमानं पाडली. दुसरं कडं शेजारची तोफ आपलं म्हणते, त्यावरून रोज तोंडातोंडी. माझा गोळे भरणारा टोनियेस म्हणतो, "त्यांना म्हणावं, तंबाखू परत द्या, अर्धं विमान देतो."

एक गंमत सांगतो. आमचा तोफमिस्त्री वेसेल्स म्हणजे आंबट माणूस. साऱ्या तोफांची देखभाल त्याच्याकडे. मागच्या आठवड्यात त्याने नळीत आरसा घातला आणि बराच वेळ बाहेरच काढेना. मग मेणाचा ठसा घेतला. आत, हातभर अंतरावर, एक बारीक रेघ आहे. कणकेत केस सापडावा तशी. सरळ नाही, जरा वळवळत जाते. वेसेल्स म्हणाला, "मला ही आवडत नाही, काढून परत पाठवू." परत पाठवायची म्हणजे बदली नळी येईपर्यंत सहा आठवडे तोफ मुकी. आणि समोर गाव आहे, बाबा, शाळा आहे.

मी तुमचं पत्र काढून त्याच्या हातात दिलं. 'माझ्या हाताखालून गेली आहे. निर्धास्त राहा.' त्याने ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "ज्याने सव्वीस वर्षं हेच बघितलं त्याच्यापुढे मी कोण बोलणार?" आणि नळी राहिली. त्या दिवशी माझी छाती कशी फुगली असेल, विचारू नका.

तरी वेसेल्सच्या समाधानासाठी एकदा लिहा, अशी रेघ हत्याराची असते ना? नळी कोरताना ओरखडा राहतो तशी?

नाताळची रजा नाही. जानेवारीअखेरीस मिळेल म्हणतात. म्हणजे बाळ येताना मी घरी असेन.

तुमचा
ओन्नो


ब्रुखरोडे
७ डिसेंबर १९४३

ओन्नो,

तुझं पत्र आत्ताच हाती आलं. हे वाचल्याबरोबर त्या तोफेचा मारा थांबव. एकही गोळा नको. चाचणीचाही नको.

हत्याराची रेघ सरळ असते. वळते ती भेग.

३१७ मी बघितलेली नाही. मी ऑगस्टपासून तपासणीत नाही. शिक्का माझा आहे, पण तो दुसऱ्याच्या हातात आहे आणि कुणीच काही बघत नाही. तुला खोटं लिहिलं. का लिहिलं ते नंतर, तू समोर बसलास की. आत्ता हे पत्र वेसेल्सना दाखव. त्यांना म्हणावं, तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर होतं आणि म्हातारा खोटारडा आहे.

कुणी 'तोफ मुकी का' म्हणून ओरडलं तर ओरडू दे. तू या वेळी दबू नकोस.

एवरहार्ड निगेमान


समुद्रकाठ
२२ डिसेंबर १९४३

श्री. निगेमान यांस,

मी वेसेल्स, या ठाण्याचा तोफमिस्त्री. तुमच्या जावयाने माझ्याविषयी लिहिलं असेल. चांगलं लिहिलं नसणार, कारण मी फारसं चांगलं कुणाशी बोलत नाही.

शनिवारी, ११ तारखेला, दुपारी ते आले. हार्म्सच्या तोफेने सोळा गोळे सोडले. सतरावा नळीतच फुटला. हार्म्स नेमून दिलेल्या जागी होता, नळीच्या डाव्या हाताला. तो आणि गोळे भरणारा टोनियेस जागीच गेले. वेदना झाल्या नाहीत. असं सगळेच लिहितात, पण मी तिथे होतो आणि या वेळी ते खरं आहे. इतर तिघे वाचतील. त्यांतल्या एकाचे डोळे राहणार नाहीत.

तुमचं ७ तारखेचं पत्र सोमवारी, १३ तारखेला आलं. तोफेसंबंधी असेल म्हणून मला ते उघडावं लागलं.

मी भेग पाहिली होती. हे मला तुम्हाला सांगायचं आहे. तुमचं आधीचं पत्र वाचून मी माझ्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवला, तो माझा भाग आहे. तो मी तुमच्यावर ढकलत नाही.

अहवालात 'गोळा सदोष' असं लिहिलं आहे. हल्ली गोळेही तसेच येतात, कुणी जास्त विचारणार नाही. तुमची दोन्ही पत्रं मी अहवालाला जोडली नाहीत. जोडली असती तर तुम्हाला घरातून उचललं असतं, आणि एका घरगुती पत्रावर मी नळी का ठेवली, हे मलाही विचारलं असतं. तुमच्या मुलीलाही गोळ्याचंच कळवलं आहे. ती इथे आली होती, दफनाला. इतकी अवघडलेली असून ताठ उभी होती. मी सांगितलं ते तिने खरं मानलं.

दोन्ही पत्रं सोबत आहेत. पहिलं त्याच्या आतल्या खिशात होतं. ठेवायची की जाळायची, तुम्ही ठरवा. तुम्ही जाळलीत तर मी काही बोलणार नाही.

वेसेल्स


ब्रुखरोडे
२ जानेवारी १९४४

लिस्बेथ,

तुझं पत्र नाताळच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. नवरा गेला तुझा आणि धीर देतेस मला. तू लिहितेस, 'बाबा, निदान नळीत दोष नव्हता, तुमच्या मनाला तेवढी तरी शांती राहू दे.' तू लिहितेस, 'ते घर सोडा आणि इकडे या. माडीवरची खोली भट्टीवरच आहे, गरम असते, आणि बाळाला कुणीतरी पुरुषमाणूस लागेल.' सासूबाईंनीही खाली दोन ओळी लिहिल्या आहेत, की ओन्नो तुमच्याबद्दल शेवटपर्यंत भरभरून बोलायचा.

मी बॅग भरली होती. एकतीस तारखेचं तिकीटही काढलं. स्टेशनवर गाडी आली, दारं उघडली, बंद झाली. मी फलाटावरच उभा होतो. तुझ्या घरी जाऊन, त्याच्या आईच्या हातचा पाव खायचा आणि त्याचं पोर मांडीवर घ्यायचं, आणि तोंड बंद ठेवायचं, एवढं माझ्याने होणार नाही.

गोळा चांगला होता, लिस्बेथ. फुटली ती नळी.

सोबत दोन पत्रं आहेत. आधी १५ ऑक्टोबरचं वाच. तू ते उतरवलेलं वाचलं आहेस, पण तेव्हा तुला हे माहीत नव्हतं की मी ती नळी कधी पाहिलीच नव्हती. मग ७ डिसेंबरचं वाच. तोफमिस्त्र्याला नळीत भेग दिसली होती. तो ती काढणार होता. ओन्नोने त्याला माझं पत्र दाखवलं, म्हणून ती राहिली. इतकं सरळ आहे. वेसेल्सने तुला गोळ्याचं सांगितलं ते मला वाचवायला. त्या माणसाला दोष देऊ नकोस.

अजून एक आहे, आणि ते कुणालाच ठाऊक नाही. दुसऱ्या पत्रात मी लिहिलंय, 'तुझं पत्र आत्ताच हाती आलं.' तेही खोटं. ओन्नोचं पत्र माझ्याकडे शनिवारी आलं, चार तारखेला. 'वळवळत जाते' हे वाचताक्षणी मला समजलं. मी खुर्चीवरून उठलो, कोट घातला आणि नौदलाच्या अधिकाऱ्याकडे निघालो. कारखान्यात तयार झालेला माल नौदलासाठी ताब्यात घेतो तो. त्याच्या टेबलावर टेलिफोन आहे, तासाभरात निरोप गेला असता. मी त्याच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलो. आत कुणीतरी हसत होतं. मनात आलं, तो विचारेल, तुम्ही कोण? हत्यारखोलीतले? मग शिक्का कुणाचा? आणि मग साहेबांना बोलावतील. दहा मिनिटांनी मी उठलो आणि घरी आलो.

रविवारी पत्र लिहायला बसलो. काय लिहावं सुचेना, म्हणजे सुचत होतं, पण त्यात मी फार वाईट दिसत होतो. चार कागद फाडले. सोमवारी कामावर गेलो. मंगळवारी लिहिलं आणि पेटीत टाकलं. ते सोमवारी पोचलं. शनिवारी लिहिलं असतं तर शुक्रवारी पोचलं असतं, त्याच्या आदल्या दिवशी. मी हा हिशेब रोज करतो आणि रोज तोच निघतो.

लोक म्हणतील, म्हातारा घाबरला, त्या दिवसांत कोण घाबरत नव्हतं? भीती होती, नाही असं नाही. पण तीन दिवस थांबलो तो भीतीमुळे नाही. मला त्याच्या नजरेतून उतरायचं नव्हतं. चार वर्षं मी त्या पोराला धड 'ये' म्हटलं नाही आणि त्याने मला एका पत्रात बाप करून टाकलं. मला ते हवंहवंसं वाटलं. एवढ्यासाठी.

आता तुझ्याबद्दल. तू मला विचारलं होतंस आणि मीच तुला म्हटलं होतं, ओन्नोला सांगू नकोस. तू गप्प राहिलीस ती माझ्या सांगण्यावरून. मी तुला लिहिलं होतं की शिक्का दुसऱ्याच्या हातात आहे, आणि तुला आता ते आठवेल, आणि तू स्वतःला विचारशील की मला तेव्हाच कसं कळलं नाही. तुला कळायचं कारण नव्हतं. तू बेकरी चालवतेस, तुझ्या पोटात मूल आहे. ज्याला कळायला हवं होतं त्याला कळलं होतं. हे मी तुला देवाशपथ सांगतो, आणि माझ्या बाकी कशावर विश्वास ठेवला नाहीस तरी एवढ्यावर ठेव.

हे पत्र ओळखीच्या एका रेल्वेवाल्याबरोबर पाठवतोय, कुणी फोडू नये म्हणून. मला धरून नेलं तरी माझी हरकत नाही, पण तुझ्या दारात पोलीस यायला नकोत. वाचून झालं की तिन्ही कागद भट्टीत टाक. सासूबाईंना सांगायचं की नाही, ते तू ठरव. त्यांना मी तोंड दाखवू शकत नाही.

तू 'या' म्हणालीस ती हे वाचण्याआधी. ते मी धरून बसणार नाही. बाळ झालं की एक ओळ लिही, मुलगा की मुलगी, आणि तू बरी आहेस की नाही. तेही नको असेल तर कूलमानबाईंना लिही, त्या मला सांगतीलच.

तुझे
बाबा